वॉर्डातली दुर्घटना : नोंद कुठे, चौकशी कशाची?

२८ सप्टेंबर २०२० ची पहाट. करोनाची पहिली लाट ऐन भरात होती. कोल्हापूरच्या छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालयात, म्हणजे अख्खा जिल्हा ज्याला ‘सीपीआर’ म्हणतो तिथे, ट्रॉमा केअर सेंटरच्या अतिदक्षता विभागात आग लागली. व्हेंटिलेटरने पेट घेतल्याच्या बातम्या सकाळी दूरचित्रवाणीवर झळकल्या. कर्मचाऱ्यांनी रुग्णांना घाईने दुसऱ्या विभागात हलवले, आग आटोक्यात आली. दोन-चार दिवस चर्चा झाली आणि करोनाच्या आकड्यांत ती बातमी बुडून गेली.

त्यानंतर साडेतीन महिन्यांनी, ९ जानेवारी २०२१ च्या मध्यरात्रीनंतर, भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयातील नवजात शिशू दक्षता कक्षात आग लागली. कक्षात १७ बाळे होती. सात वाचली, दहा गेली. काही भाजून, बहुतेक धुराने गुदमरून.

दोन्ही ठिकाणे सरकारी रुग्णालये. दोन्ही ठिकाणी अतिदक्षता कक्ष, चोवीस तास चालणारी विजेची यंत्रे, हवेत ऑक्सिजनचे प्रमाण जास्त आणि स्वतःच्या पायांनी बाहेर पडू न शकणारे रुग्ण. मग साधा प्रश्न असा, की कोल्हापुरात त्या पहाटे काय बिघडले आणि काय कामी आले, हे भंडाऱ्याच्या कक्षात रात्रपाळी करणाऱ्या सिस्टरपर्यंत पोहोचवण्याची वाट कोणती होती? दोन्ही आगींची कारणे एकच होती असे कोणी म्हणणार नाही. पण पहिली घटना दुसऱ्यासाठी इशारा ठरू शकली असती का, हे तपासायला तरी ती कुठेतरी नीट नोंदवलेली, तपासलेली आणि सर्वांना कळवलेली असायला हवी. सर्व प्रकारच्या गंभीर घटनांची एकत्र नोंद घेणारी, तज्ज्ञांकडून चौकशी करणारी आणि निष्कर्ष प्रत्येक रुग्णालयाला कळवणारी स्वतंत्र यंत्रणा आपल्याकडे नाही. वर्तमानपत्र आहे, चौकशी समिती आहे, पोलीस ठाणे आहे. या तिघांचे काम वेगळे.

आगी मोठ्या असतात, म्हणून त्या दिसतात. रुग्णालयातल्या बहुतेक चुका दिसतच नाहीत. त्या कशा असतात हे समजून घेण्यासाठी एक काल्पनिक प्रसंग पाहू.

जिल्ह्यातले कुठलेही तीस खाटांचे ग्रामीण रुग्णालय घ्या. रात्रीचे अडीच वाजलेत. वॉर्डात एकच सिस्टर आहे. एक बाळंतपण नुकतेच झाले आहे, दुसरीकडे सर्पदंशाचा पेशंट आला आहे, आणि कोपऱ्यातल्या खाटेवरून एक आजी हाक मारताहेत, “सिस्टर, सलाईन संपलंय बघा जरा.” सिस्टरला एका मुलाला अँटिबायोटिकचे इंजेक्शन द्यायचे आहे. औषधाची पावडर पाण्यात विरघळवायची असते. त्यासाठी ट्रेमध्ये शुद्ध पाण्याच्या छोट्या प्लास्टिकच्या कुप्या असतात. त्याच ट्रेमध्ये, तशाच आकाराच्या, तशाच पारदर्शक कुप्या पोटॅशियम क्लोराइडच्याही असतात. हे पोटॅशियम भरपूर सलाईनमध्ये मिसळून, थेंबाथेंबाने दिले तर औषध. तेच सिरिंजमध्ये ओढून थेट शिरेत दिले तर काही क्षणांत हृदय थांबते. सिस्टर कुपी तोडते, सिरिंज लावते, आणि त्याच क्षणी लाइट डोळ्यांवर आल्याने तिला लेबलवरची अक्षरे वेगळी दिसतात. ती थांबते. कुपी फेकून देते. कपाळावरचा घाम पुसते आणि पुढच्या खाटेकडे जाते.

या प्रसंगात काहीच घडले नाही. मूल सुखरूप आहे. केसपेपरवर एक ओळही लिहिली जाणार नाही. सकाळी ड्यूटी बदलताना ती फार तर मैत्रिणीला सांगेल. ट्रे मात्र जिथे होता तिथेच राहील, आणि पुढच्या अडीच वाजता कदाचित लाइट डोळ्यांवर येणार नाही.

रुग्णसुरक्षेच्या शास्त्रात अशा ‘थोडक्यात टळलेल्या’ घटनांना सोन्याचे मोल आहे. कारण इथे कोणी मेलेले नसते, म्हणून कोणी घाबरलेले नसते, आणि धोका मात्र तंतोतंत तोच असतो. जागतिक आरोग्य संघटनेने तीव्र पोटॅशियमच्या कुप्या सर्वसाधारण वॉर्डातून काढून वेगळ्या, कुलूपबंद जागी ठेवाव्यात अशी शिफारस कित्येक वर्षांपूर्वी केली, ती अनेक देशांतल्या अशाच चुकांच्या नोंदींवरून. त्या नोंदी कोणी केल्याच नसत्या तर प्रत्येक रुग्णालयाला हा धडा आपापल्या रुग्णाचा जीव देऊन शिकावा लागला असता.

चुकीची नोंद न झाल्यास आणि धागे न जुळल्यास काय होते, याचे महाराष्ट्रातले सर्वांत बोलके उदाहरण चाळीस वर्षांपूर्वीचे आहे. पन्नाशीच्या पुढच्या वाचकांना ते आठवत असेल.

जानेवारी १९८६, मुंबईतील भायखळ्याचे जे. जे. रुग्णालय. २१ जानेवारी ते ७ फेब्रुवारी या काळात तिथले १४ रुग्ण मूत्रपिंडे निकामी होऊन दगावले. हे रुग्ण मूत्रपिंडाच्या आजारासाठी आलेले नव्हते. कोणाच्या मेंदूला सूज होती, कोणाच्या डोळ्यातला दाब वाढलेला होता. या दोन्हींसाठी त्या काळी ग्लिसरॉल तोंडावाटे देत. ते रक्तात गेले की आजूबाजूच्या पेशींतले पाणी ओढून घेते आणि दाब उतरतो. साधे, स्वस्त, जुने औषध. त्याच्यावर कोणी संशय घेण्याचे कारण नव्हते.

त्या ग्लिसरॉलमध्ये डायएथिलीन ग्लायकॉल मिसळलेले होते. हे औद्योगिक रसायन दिसायला ग्लिसरॉलसारखेच, रंगहीन, दाट आणि चवीला गोडसर. किंमत मात्र कमी. शरीरात त्याचे रूपांतर ज्या आम्लात होते, ते मूत्रपिंडातील सूक्ष्म नलिकांच्या पेशी मारते. लघवी कमी होते, मग थांबते. रुग्ण उलट्या करतो, गुंगीत जातो. मेंदूच्या रुग्णाला गुंगी आली तर डॉक्टर आधी काय समजणार? मूळ आजार बळावला, असेच. इथेच अशा घटनेची खरी अडचण आहे. एका विभागात एक मृत्यू, दुसऱ्या विभागात दोन. प्रत्येक मृत्यू सुटा पाहिला तर त्याला एक पटण्याजोगे कारण सापडते. सगळे मृत्यू एका कागदावर, तारखेनुसार, दिलेल्या औषधांसह मांडले तरच त्यांच्यातला समान धागा डोळ्यांत भरतो. तो कागद मांडणे हे कोणाच्या तरी रोजच्या कामाचा भाग असावे लागते. ज्याला त्याला सुचेल तेव्हा करण्याची ही गोष्ट नाही.

राज्य सरकारने चौकशीसाठी मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती बख्तावर लेंटिन यांचा आयोग नेमला. आयोगाचे काम उघडपणे चालले आणि रोजच्या साक्षी वर्तमानपत्रांतून छापून येत. १९८७ च्या अखेरीस अहवाल तयार झाला, पुढच्या वर्षी तो लोकांसमोर आला आणि राज्याच्या आरोग्यमंत्र्यांना पद सोडावे लागले. केईएम रुग्णालयातील मेंदूशल्यविशारद डॉ. सुनील पंड्या यांनी त्याच वर्षी ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये या प्रकरणावर लेख लिहून ते जगभरच्या डॉक्टरांपुढे नेले.

लेंटिन आयोगाचे मोठेपण कशात होते? बाटलीतून चमच्यात औषध ओतणाऱ्या परिचारिकेपाशी आयोग थांबला नाही. औषध लिहून देणाऱ्या डॉक्टरपाशीही नाही. बाटली उलट दिशेने चालत कुठवर जाते, हे आयोगाने पाहिले. रुग्णालयाने ते औषध कोणाकडून घेतले? त्या पुरवठादाराचे नाव यादीत कसे आले? दरकरार ठरवणाऱ्या खात्यात काय चालते? औषध तपासून प्रमाणपत्र देणाऱ्या प्रयोगशाळा खरेच तपासतात का? अन्न व औषध प्रशासनाचे निरीक्षक काय करत होते, आणि त्यांच्यावर वरून कोणाचा दबाव होता? परवानाधारक, उत्पादक, व्यापारी, प्रयोगशाळा, अधिकारी आणि मंत्रिपदावरच्या व्यक्ती यांच्यातले लागेबांधे आयोगाने स्पष्ट शब्दांत मांडले. एका बाटलीच्या मागे इतकी दारे होती, आणि प्रत्येक दारावर ती अडवता आली असती.

मात्र आयोग हा अपवादाचा मार्ग आहे. त्याला १४ मृत्यू लागले, मोठा गाजावाजा लागला, एक खंबीर न्यायाधीश लागला आणि जवळपास दोन वर्षे लागली. गडहिंग्लज किंवा राधानगरीतल्या एखाद्या रुग्णाला चुकीच्या गटाचे रक्त चढले, तर त्यासाठी आयोग बसणार नाही.

शिवाय या रसायनाचा इतिहास पाहिला तर मन खट्टू होते. अमेरिकेत १९३७ साली सल्फा औषधाचे गोड पातळ औषध याच डायएथिलीन ग्लायकॉलमध्ये विरघळवून विकले गेले आणि शंभरावर माणसे मेली. त्यावेळच्या कायद्यात विषारी औषध विकल्याबद्दल कंपनीला पकडण्याची तरतूदच नव्हती; ‘एलिक्सिर’ नाव दिलेल्या औषधात मद्यार्क हवा आणि यात तो नाही, एवढाच लेबलाचा गुन्हा लावता आला. पुढच्याच वर्षी अमेरिकेने औषधाची सुरक्षितता आधी सिद्ध करणे बंधनकारक करणारा कायदा केला. आपल्याकडे १९७३ मध्ये मद्रासला १४ मुले गेली, १९८६ मध्ये मुंबई, १९९८ मध्ये दिल्ली-गुडगाव परिसरात ३३ मुले. आणि २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये मध्य प्रदेशातील छिंदवाडा जिल्ह्यात खोकल्याचे औषध घेतलेली लहान मुले मूत्रपिंडे निकामी होऊन नागपूरच्या रुग्णालयांत दाखल होऊ लागली. वीसहून अधिक मुले गेली. तमिळनाडूच्या औषध नियंत्रण खात्याने त्या बॅचमध्ये तपासले तेव्हा डायएथिलीन ग्लायकॉलचे प्रमाण ४८.६ टक्के निघाले. जवळपास अर्धी बाटली! जे. जे. प्रकरणाला तेव्हा ३९ वर्षे होऊन गेली होती.

आता दुर्घटनेनंतर आपण सर्वसाधारणपणे काय करतो ते पाहू. भंडाऱ्याच्या आगीनंतर चौकशी समिती बसली, जिल्हा शल्यचिकित्सकांसह काहींवर निलंबनाची कारवाई झाली आणि पुढच्याच महिन्यात दोन परिचारिकांवर गुन्हा दाखल झाला. राज्यभरातील रुग्णालयांची अग्निसुरक्षा तपासणी करण्याचे आदेशही निघाले. पण त्याच वर्षी २३ एप्रिलला विरारच्या एका खासगी रुग्णालयाचा अतिदक्षता विभाग जळाला, आणि ६ नोव्हेंबरला अहमदनगरच्या जिल्हा रुग्णालयात, करोनासाठी नव्याने उभारलेल्या अतिदक्षता विभागात आग लागून ११ रुग्ण गेले. त्यानंतर तीनच दिवसांत एक वैद्यकीय अधिकारी आणि तीन परिचारिकांना अटक झाली.

ज्यांनी खरोखर बेपर्वाई केली त्यांना शिक्षा नको, असे कोणीच म्हणणार नाही. रुग्ण गेला आहे, त्याच्या घरच्यांना न्याय हवा, आणि तो मागण्याचा त्यांना पूर्ण अधिकार आहे. पण अटकेने विजेची वायरिंग दुरुस्त होत नाही. कक्षात पाणी फवारणारी यंत्रणा का नव्हती, असलेला पैसा कुठे अडला, रात्री एका परिचारिकेकडे किती खाटा होत्या, दुसरे दार उघडत होते का, या प्रश्नांची उत्तरे ड्यूटीवरच्या सिस्टरच्या कोठडीत सापडत नाहीत. ती बहुधा मंत्रालयातल्या एखाद्या फायलीत, अंदाजपत्रकाच्या एखाद्या ओळीत सापडतात.

नांदेडची गोष्ट तर सर्वांनी मोबाइलवर पाहिली. ३० सप्टेंबर आणि १ ऑक्टोबर २०२३ दरम्यान तिथल्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालय रुग्णालयात २४ तासांत २४ मृत्यू झाले, त्यांत १२ नवजात बालके. पाठोपाठ एक खासदार आले आणि त्यांनी अधिष्ठात्यांच्या हातात झाडू देऊन स्वच्छतागृह साफ करायला लावले. चित्रफीत घरोघर फिरली. पण त्या रुग्णालयात एरवी २४ तासांत किती मृत्यू होतात? शेवटच्या घटका मोजताना दुसऱ्या रुग्णालयांतून पाठवलेले किती होते? बाळांचे वजन किती होते? त्या रात्री कोणते औषध संपले होते, कोणते यंत्र बंद होते? हे २४ केसपेपर एका टेबलावर पसरून, एकेक करून वाचणे म्हणजे चौकशी. झाडूच्या चित्रफितीने यांतल्या एकाही प्रश्नाचे उत्तर मिळत नाही. उलट राज्यातल्या प्रत्येक डॉक्टर-परिचारिकेला एक धडा मात्र त्या दिवशी पक्का मिळाला : आकडा बाहेर जाऊ देऊ नका.

हाच खरा पेच आहे. चूक कळवणाऱ्याला पहिला फटका बसणार असेल तर चूक कळवली जाणार नाही. कायद्याचीही भीती आहे. सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये जेकब मॅथ्यू खटल्यात स्पष्ट केले, की प्रत्येक चूक म्हणजे फौजदारी निष्काळजीपणा नव्हे, आणि तक्रार आली म्हणून डॉक्टरला सरसकट अटक करू नये. आधी दुसऱ्या तज्ज्ञाचे निष्पक्ष मत घ्यावे. जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ मध्ये निष्काळजीपणाने झालेल्या मृत्यूसाठी पाच वर्षांपर्यंत शिक्षा आहे. वैद्यकीय उपचार करताना नोंदणीकृत डॉक्टरच्या हातून तसे घडल्यास ती दोन वर्षांपर्यंत आहे. ही सवलत फक्त नोंदणीकृत डॉक्टरांपुरती. परिचारिकेचा त्यात उल्लेख नाही. म्हणजे ज्या सिस्टरने डॉक्टरने लिहिलेले इंजेक्शन दिले, तिच्या डोक्यावरची तलवार डॉक्टरपेक्षा लांब. ती रात्री अडीचची गोष्ट वहीत लिहील, अशी अपेक्षा कोणत्या तोंडाने करायची?

विमान वाहतुकीने हा पेच बराचसा सोडवला आहे. भारतात विमान अपघातांच्या तपासासाठी वेगळा विभाग आहे, आणि २०१७ च्या नियमांत लिहून ठेवले आहे, की तपासाचा एकमेव उद्देश पुढचे अपघात टाळणे हा आहे. दोष वा जबाबदारी ठरवणे नव्हे. १२ जून २०२५ रोजी अहमदाबादला विमान कोसळले, तेव्हा महिन्याभरात प्राथमिक अहवाल सर्वांसाठी खुला झाला. त्यातल्या निष्कर्षांवर वाद झाले, पण वाद घालायला कागद तरी हाती होता. रुग्णालयातल्या किती चौकशांचे अहवाल असे महिन्याभरात लोकांना वाचायला मिळतात?

हेच तत्त्व आरोग्यसेवेला लावण्याचा प्रयत्न इंग्लंडने केला. तिथे २०१७ मध्ये आरोग्यसेवेतील गंभीर घटनांच्या तपासासाठी वेगळी शाखा सुरू झाली आणि ऑक्टोबर २०२३ पासून ती कायद्याने स्वतंत्र संस्था झाली. तपासात कर्मचाऱ्याने जे सांगितले ते कायद्याने गोपनीय राहते, सहजासहजी न्यायालयात वापरता येत नाही. त्यामुळे तो खरे बोलू शकतो. शिक्षेचा रस्ता बंद होत नाही. पोलीस, न्यायालय, वैद्यक परिषद आपापले काम वेगळ्या पुराव्यांवर करतात. शिकणारी चौकशी एका टेबलावर, शिक्षेची चौकशी दुसऱ्या टेबलावर. इंग्लंडचे सगळे सुरळीत चालले आहे असे मुळीच नाही. तिथल्या प्रसूतिगृहांतील मृत्यूंवर एकामागून एक कठोर अहवाल आले आहेत. पण ते अहवाल आले आणि छापले गेले, हीच तर मुद्द्याची गोष्ट.

आपल्याकडे काहीच नाही, असेही म्हणता येणार नाही. सर्वांत चांगले उदाहरण आपल्या गावातच सापडते : मातामृत्यूची तपासणी. गरोदरपणात, बाळंतपणात किंवा त्यानंतर ४२ दिवसांत बाई दगावली, तर तिची नोंद करून आशाताई, एएनएम आणि वैद्यकीय अधिकारी यांच्यामार्फत माहिती गोळा केली जाते. घरी जाऊन विचारले जाते. जिल्हा पातळीवर त्या मृत्यूची चर्चा होते. विचारायचे प्रश्न ठरलेले असतात : घरच्यांना धोका कधी कळला? गाडी किती वेळाने मिळाली? रुग्णालयात पोहोचल्यावर रक्त मिळाले का, भूलतज्ज्ञ होते का? म्हणजे विलंब कुठे झाला, हे शोधायचे. नाव शोधायचे नाही. महाराष्ट्रात दर एक लाख जिवंत जन्मांमागे मातामृत्यूंचे प्रमाण २००४–०६ मध्ये १३० होते, ते २०१८–२० मध्ये ३३ पर्यंत खाली आले. हे काही एकट्या तपासणीचे श्रेय नाही. रुग्णालयातली बाळंतपणे, १०८ ची रुग्णवाहिका, रक्तसाठवण केंद्रे, मुलींचे शिक्षण, सगळ्यांचा त्यात वाटा आहे. पण त्या गोष्टी नेमक्या कुठे कमी पडतात, हे कळायला कोणीतरी प्रत्येक मृत्यूमागे विचारत राहावे लागते. बैठकीत कधीकधी आरडाओरडा होतो, ‘तुझ्या पीएचसीचा मृत्यू’ म्हणून डॉक्टरला उभे केले जाते, आणि मग पुढच्या वेळी कागद गोड लिहिले जातात. पद्धत चांगली आणि सवय जुनी, असा हा झगडा आहे.

औषधांच्या दुष्परिणामांसाठी २०१० पासून राष्ट्रीय कार्यक्रम आहे. त्याचे मुख्य केंद्र गाझियाबादला आणि वैद्यकीय महाविद्यालयांतून नोंदणी केंद्रे आहेत. रक्त चढवताना होणाऱ्या त्रासांसाठी २०१२ पासून, वैद्यकीय उपकरणांसाठी २०१५ पासून असेच कार्यक्रम आहेत. लसीकरणानंतरच्या त्रासाची नोंद तर गावपातळीपासून घेतली जाते. केंद्र सरकारने २०१८ ते २०२५ साठी रुग्णसुरक्षेचा राष्ट्रीय आराखडाही केला, त्यात घटनांची नोंद करण्याची पद्धत उभारण्याचे उद्दिष्ट आहे. कागदावर बरेच काही आहे. अडचण अशी, की हे सगळे वेगवेगळे ओढे आहेत. औषधाची चूक एका फॉर्मवर, उपकरणाची दुसऱ्या, रक्ताची तिसऱ्या. आणि वॉर्डातून पडून आजोबांचे खुब्याचे हाड मोडले, उजव्याऐवजी डाव्या गुडघ्याला कापायची तयारी झाली, तपासणीचा रिपोर्ट दुसऱ्याच पेशंटच्या केसपेपरला लागला, यांसाठी बहुतेक छोट्या रुग्णालयांत फॉर्मच नाही. मानांकन घेतलेल्या मोठ्या रुग्णालयांत घटनांची नोंदवही असते. पण जी वही तपासणीसाठीच ठेवली जाते, ती तपासणीच्या आदल्या आठवड्यात भरली जाते, हे उघड गुपित आहे.

नोंदवहीबद्दल एक गोष्ट वाचकांनी लक्षात ठेवण्यासारखी. एखाद्या रुग्णालयात वर्षभरात ‘शून्य चुका’ नोंदल्या असतील तर ते रुग्णालय सुरक्षित आहे असे समजू नये. तिथे लिहायची भीती आहे, एवढाच त्याचा अर्थ. जिथे भरपूर नोंदी होतात, आणि त्यांतल्या बहुतेक ‘टळलेल्या’ असतात, तिथे पेशंट न्यायला हरकत नाही.

रुग्ण आणि नातेवाइकांच्या हातातही काही गोष्टी आहेत. औषधामुळे त्रास झाला असे वाटले तर बाटली, पाकीट, बिल टाकून देऊ नये. त्यावरचा बॅच क्रमांकच पुढचा सगळा माग काढून देतो. छिंदवाड्याच्या प्रकरणातही शोध बाटलीपर्यंत, बॅचपर्यंत आणि मग कारखान्यापर्यंत गेला. औषधाच्या दुष्परिणामाची नोंद डॉक्टरच करू शकतो असे नाही. सामान्य माणसालाही ती करता येते. त्यासाठीचा फॉर्म मराठीत उपलब्ध आहे आणि १८००-१८०-३०२४ हा निःशुल्क दूरध्वनी क्रमांक आहे. उपचारांची कागदपत्रे मागितल्यावर ७२ तासांच्या आत मिळायला हवीत, हा डॉक्टरांच्या आचारसंहितेतला २००२ पासूनचा नियम आहे. सिस्टर इंजेक्शन घेऊन आली की “कशाचं आहे हो सिस्टर?” एवढे विचारावे. तिला राग येणार नाही, आणि आलाच तरी तो सोसावा. त्या प्रश्नाने ती एकदा लेबल वाचते. ऑपरेशनपूर्वी कोणत्या बाजूचे, हे पेशंटने स्वतः मोठ्याने सांगावे. आणि काही बिघडलेच, तर आधी संबंधित डॉक्टरांकडून काय झाले ते लेखी मागावे. वॉर्डात तोडफोड झाली की पहिली गोष्ट काय होते ठाऊक आहे? केसपेपर कुलूपबंद होतो, सगळे गप्प होतात, आणि आपल्या माणसाचे नेमके काय झाले हे घरच्यांना कधीच कळत नाही.

डॉक्टरांच्या बाजूनेही एक जुनी सवय सुटायला हवी. काही चुकले की नातेवाइकांशी बोलायचे नाही, ‘कॉम्प्लिकेशन झालं’ म्हणून मोकळे व्हायचे. पुष्कळ घरच्यांना पैसे नको असतात, फाशीही नको असते. काय झाले ते कोणीतरी खुर्ची ओढून, बसून, खरे सांगावे आणि पुन्हा कोणाच्या बाबतीत होऊ नये म्हणून काय केले ते सांगावे, एवढेच त्यांना हवे असते. ते मिळत नाही म्हणून ते वकिलाकडे जातात.

आता त्या रात्री अडीचच्या वॉर्डात परत जाऊ. समजा, त्या रुग्णालयात एक वही आहे, तिच्यात नाव लिहायची सक्ती नाही, आणि वैद्यकीय अधीक्षक दर सोमवारी ती स्वतः वाचतात. सिस्टरने चार ओळी लिहिल्या. सोमवारी अधीक्षकांनी तिला बोलावले नाही, औषधनिर्मात्याला बोलावले. पोटॅशियमच्या कुप्या ट्रेमधून उचलून कुलुपाच्या कपाटात गेल्या, कपाटावर लाल पट्टी चिकटवली गेली. खर्च पट्टीचा. त्या वॉर्डात ती चूक पुन्हा होण्याची शक्यता जवळजवळ संपली.

पुढच्या तालुक्यातल्या रुग्णालयात मात्र तोच ट्रे आहे, त्यात त्याच दोन कुप्या शेजारी शेजारी आहेत. त्यांना अजून कोणी कळवलेले नाही.